आवाज : ठीक

सूचना

या गोष्टीत कुणाच्या बोलण्यात अशी ——— रेघ दिसली, की तिथे महिपती शेंड्यांना ऐकू आलेलं नाही. त्या जागी त्यांनी मान हलवली असं समजून पुढे जावं. गेली दोन वर्षं ते स्वतः तसंच पुढे जात होते.

थंड इंजिन

फेब्रुवारी दोन हजार तीन. शनिवार, सकाळचे दहा. हडपसरला शेंड्यांच्या घरामागच्या फरशीवर एक टेबल, टेबलावर जुनी चादर, चादरीवर चार इंजिनं. प्रत्येक मुठीत मावेल एवढं.

टेबलाभोवती तीन माणसं.

महिपती शेंडे, वय अठ्ठावन्न. डिझेल इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं टेस्ट बेडवर, तयार इंजिन चालवून तपासायच्या कामावर. दोन वर्षांपूर्वी व्हीआरएस.

अनंतराव दामले, वय त्रेसष्ट, राहणार कोथरूड, बँकेतून निवृत्त. सात वर्षांपूर्वी बंद पडलेलं एक छोटं इंजिन घेऊन ते कुणाच्या तरी ओळखीने या घरी आले होते. इंजिन त्याच दिवशी सुरू झालं. अनंतराव येतच राहिले.

प्रियदर्शनी, वय सव्वीस, महिपतींची मुलगी. आयटीत. कंपनीच्या कामाने चार महिने न्यू जर्सीला राहून मागच्या आठवड्यात परतलेली.

आणि टेबलाशेजारच्या खाटेवर, दोन्ही बाजूंनी बाहेर येणारं, सात फुटी पंखांचं विमान. रेडिओवर उडणारं, अनंतरावांनी अकरा महिने खपून बनवलेलं. सगळं तयार. फक्त दोन्ही पंखांवर इंजिनांच्या जागी दोन रिकामे कोनाडे.

चार इंजिनं, दोन कोनाडे. कोणती दोन, एवढाच प्रश्न होता.

अ आणि ब : नवी कोरी, प्रियदर्शनीच्या सामानातून आलेली.
क आणि ड : जुनी. अनंतरावांच्या दोन वेगवेगळ्या विमानांवर सहा-सहा वर्षं उडालेली. ड एकदा ज्वारीत पडलेलं.

"नवी ती नवी," अनंतराव म्हणाले, "पण नवं आहे म्हणून ——— असं काही नसतं. आमचे जावईसुद्धा ———"

प्रियदर्शनी हसली. म्हणून महिपतीही हसले.

मधेच, नोव्हेंबरातली एक ई-मेल

(ती अनंतरावांना आली होती. त्यांनी छापून, घडी घालून, कोथरूडहून दोन बस बदलून हडपसरला हातात आणून दिली. वर पेनने लिहिलं होतं : "कन्येचे पत्र. पोस्टमन : अ. दामले.")

काका, इथल्या दुकानातल्या आजोबांना मी म्हटलं, दोन इंजिनांच्या विमानासाठी इंजिनं हवीत. ते म्हणाले, ताकदीचं मला काही विचारू नकोस. बंद न पडणारी हवीत ना? मग दोन्ही एकाच मापाची, एकाच बनावटीची घे, आणि ती भारतात गेल्यावर कुणा जाणत्याकडून ऐकून घे. मी म्हटलं, माझे बाबा ऐकतात. ते म्हणाले, मग झालं.

काका, एक विचारायचं होतं. फोनवर बाबा हल्ली सगळ्याला हो म्हणतात. मी मुद्दाम म्हटलं, मी इथेच घर घेते, तरी हो म्हणाले. बरे आहेत ना?

(अनंतरावांनी दुसरा परिच्छेद न कापता कागद तसाच दिला होता. महिपतींनी तो दोनदा वाचला आणि पहिल्या परिच्छेदावर बोलले.)

बंद पडणं

लोकांना वाटतं, दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षित. एक गेलं तर दुसरं आहेच. मोठ्या विमानात तसं असेल. खेळण्यातल्या विमानात उलट आहे. एका बाजूचं इंजिन बंद पडलं की दुसऱ्या बाजूचं जोर लावतच राहतं, विमान मेलेल्या बाजूला वळतं, वळता वळता पालथं होतं आणि खाली येतं. हे व्हायला तीन सेकंद लागतात. अकरा महिने, तीन सेकंद.

म्हणून इंजिनं निवडणाऱ्यावर सगळं.

आणि निवडणारा बहिरा होत चालला होता.

हे त्याला एकट्याला माहीत होतं, असं त्याला वाटत होतं.

आधी डावा कान. मग उजवा. दाराची बेल गेली, कुकरच्या शिट्ट्या गेल्या, बायकोची, यमुनाबाईंची, दुसऱ्या खोलीतून येणारी "अहो" गेली. महिपतींनी रोगाचं निदान स्वतःच करून टाकलं होतं. टेस्ट बेडवरच्या माणसांचे कान जातात. त्यांच्या बरोबरीचा गेनबा आता घरात पुतळ्यासारखा बसतो आणि नातवंडं त्याच्यासमोर वाट्टेल ते बोलतात. कानाची नस एकदा गेली की गेली, तिचा स्पेअर मिळत नाही. मग डॉक्टरकडे जाऊन करायचं काय? कागदावर लिहून आणायचं?

कारखान्यात त्यांना "शेंड्यांचा कान" म्हणत. माणसाला नव्हे, कानालाच. "शेंड्यांचा कान लावा रे एकदा." तो कान गेला तर मागे उरतो तो कोण, हे महिपतींना ठरवता आलं नव्हतं.

कार्ड

कारखान्याची सवय त्यांनी खेळण्यातल्या इंजिनांनाही लावली होती. प्रत्येकाचं पोस्टकार्डाएवढं टेस्ट कार्ड. लाकडी घोडीवर इंजिन आवळायचं, मिथेनॉल आणि एरंडेलाचं इंधन भरायचं, पंखा फिरवून सुरू करायचं, आकडे लिहायचे.

इंजिन ब
कमी वेग : २,७००
पूर्ण वेग : ११,८००
नाक वर धरून : वेग पडत नाही
नाक खाली धरून : वेग पडत नाही
गरम असताना पुन्हा सुरू : एका झटक्यात
आवाज :

आकडे यंत्र सांगतं. ते कुणीही लिहील. शेवटची ओळ टेस्टरची. बाकी सगळं पास असलं तरी ती ओळ भरल्याशिवाय इंजिन बेडवरून उतरत नसे, आणि ती भरणारा खाली सही करत असे. एकतीस वर्षांत महिपतींनी ती ओळ न ऐकता कधी भरली नव्हती. एका पावसाळ्यात सर्दीने कानांना दडे बसले तेव्हा त्यांनी दोन दिवस रजा टाकली होती. कारण लिहिलं होतं : "कान बंद."

अ झालं. ब झालं. क आणि ड झाली. जुन्या जोडीचा वेग चारशे-पाचशेने कमी आणि धूर जास्त. नवी जोडी आकड्यांत चोख.

चालू असताना त्यांनी सगळं केलं. बोटाने घोडीचा थरथराट पाहिला. बाहेर फेकलं जाणारं तेल कागदावर घेऊन रंग पाहिला. धुराची शेपटी पाहिली. मान तिरकी करून कान इंजिनाकडे नेला, कारण सगळे तेच बघत होते. कानात दूरवर कुणीतरी दळण दळत असावं इतपत काहीतरी आलं. अ-चं तसंच, ब-चं तसंच, क-चं, ड-चं तसंच.

"काय म्हणतंय?" प्रियदर्शनीने जवळ येऊन विचारलं.

महिपतींनी पेन उघडलं.

आवाज : ठीक
आवाज : ठीक

आणि दोन सह्या.

"अ आणि ब लावा," ते म्हणाले.

दुपार

दोन्ही कोनाड्यांत नवी इंजिनं बसली. अनंतरावांनी विमान दोन मीटर लांब जाऊन पाहिलं, चार मीटर लांब जाऊन पाहिलं, म्हणाले, "आता हे बायकोपेक्षा ———," आणि आत बघून वाक्य गिळलं.

आत यमुनाबाई वाढत होत्या. ज्वारीची भाकरी, झुणका, तळलेली मिरची, भाजलेले पापड. महिपतींनी पापड मोडून तोंडात टाकला. डोक्यात दगड फुटल्यासारखा आवाज झाला. हे एक नवीनच होतं. जग गप्प आणि स्वतःचं चावणं एवढं मोठं, की जेवताना कुणी काही बोललं तर त्यांना घास तोंडात धरून थांबावं लागे.

"लागली का एकदाची ———?" यमुनाबाईंनी विचारलं.

घास थांबला.

"लागली."

"मग असं तोंड ———?"

त्यांनी मान हलवली. हा मान हलवण्याचा प्रश्न नव्हता हे त्यांना यमुनाबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. पण तोवर त्या ताक आणायला गेल्या होत्या.

त्यांनी एक हिशोब करून पाहिला. नव्या इंजिनांत खोट असायची शक्यता किती? शंभरात एक. म्हणजे दोन्ही चांगली असणार. म्हणजे त्यांनी लिहिलं ते बहुतेक खरंच होतं. बहुतेक. कारखान्यात एखादा पोरगा कार्डावर "बहुतेक ठीक" लिहून आला असता, तर

तर महिपतींनी ते कार्ड त्याच्या खिशात परत कोंबलं असतं.

मांजरी, रविवार, साडेसात

मांजरीला संभाजी घुल्यांचा माळ आहे. निम्म्यावर प्लॉटचे पांढरे दगड रोवलेले, निम्मा अजून मोकळा. मोकळ्या निम्म्यावर रविवारी विमानं उडतात. पुढच्या वर्षी कदाचित उडणार नाहीत. संभाजी स्वतः उडवत नाहीत. विमान शेजारच्या उसात पडलं की काढून देतात, आणि त्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतात.

"आज डबल इंजन हाय म्हणं," त्यांनी हात उंच करून दोन बोटं दाखवली. "म्हंजी उसात दोन खड्डं."

"संभाजीराव, शुभ बोला," अनंतराव म्हणाले. "——— एकदा तरी."

इंजिनं सुरू झाली. आधी अ, मग ब. दोन्ही मिळून तो कडकडीत, चिरत जाणारा आवाज माळभर पसरला असणार. आणि आता ती गंमत झाली जिचा अर्थ महिपतींना दोन वर्षं लागला नव्हता. या गोंगाटात सगळी माणसं ओरडून बोलायला लागली आणि त्यांना सगळ्यांचं बोलणं बऱ्यापैकी कळायला लागलं. घराच्या शांततेत जे ऐकू येत नसे ते इथे येत होतं.

"शेपूट धरा!" अनंतराव ओरडले. संभाजींनी शेपूट धरलं.

"काका, रेडिओ चेक!" प्रियदर्शनी.

"चेक! सोडा आता! महिपतराव, सोडू ना?"

सोडू ना. हा प्रश्न पूर्ण ऐकू आला. एकही रेघ नाही. ऐकूच आलं नाही म्हणायची सोय नव्हती.

महिपती चालत पुढे गेले आणि विमानाच्या वाटेत, पंख्यांपासून पाच पावलांवर, हात आडवे करून उभे राहिले.

"थांबा. कार्ड खोटं आहे."

अनंतरावांनी वेग खाली आणला. दोन्ही इंजिनं हळू फिरत राहिली.

"काय खोटं आहे?"

"शेवटची ओळ. मी ऐकलं नाही. मला ऐकू येत नाही. कानांनी दगा दिलाय दोन वर्षं झाली. मी अंदाजाने लिहिलं. सही केली. ते उडवू नका."

एका दमात एवढं ते कधी बोलत नसत. बोलून झाल्यावर, आता कोण काय म्हणतं याची वाट बघत, ते जमिनीकडे बघत राहिले.

अनंतराव दोन पावलं पुढे आले आणि कानाशी तोंड आणून ओरडले, "अहो शेंडे, हे आम्हाला कधीचं माहीत आहे! दीड वर्ष मी तुमच्याशी केकाटून बोलतोय, ते काय माझा गळा मोकळा करायला?"

महिपतींनी प्रियदर्शनीकडे पाहिलं.

"मी न्यू जर्सीत घर घेणार होते, बाबा. तुम्ही परवानगी दिली होती."

त्यांनी संभाजींकडे पाहिलं. शेपूट धरून वाकलेल्या अवस्थेतच संभाजी म्हणाले, "म्या तर कवापासनं हातवारं करूनच बोलतोय. तुमास्नी वाटलं आसंल, गड्याला सवयच हाय."

कुणीही हबकलं नाही, गंभीर झालं नाही, उगीच खांद्यावर हात ठेवला नाही. महिपतींना त्याचा थोडा रागसुद्धा आला. दोन वर्षं एवढी मेहनत घेऊन झाकलेलं, आणि या लोकांनी ते उघडंच बघितलं होतं.

"पण मग," ते म्हणाले, "मला निवडायला कशाला सांगितलंत?"

"दुसरं कोण आहे?" अनंतराव म्हणाले. "मला वाटलं, हाताने बघाल, डोळ्याने बघाल. जे कळेल ते लिहाल आणि नाही कळलं तर लिहिणार नाही. तुम्ही ठीक लिहिलंत म्हणजे ठीकच असेल असं मी गृहीत धरलं. ही माझी चूक. बँकेत असतो तर मेमो खाल्ला असता."

इंजिनं अजून फिरत होती. प्रश्नही अजून तिथेच होता. ऐकणार कोण?

एक गोष्ट महिपतींनी अजून कुणाला सांगितली नव्हती.

टेस्ट बेडवर आवाज कुठून येतो ते शोधायला एक सोपी पद्धत असते. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. बाहेरचा गोंगाट बाजूला राहतो आणि आतला आवाज हाडातून सरळ डोक्यात येतो. महिपतींनी हे हजारो वेळा केलं होतं. गेल्या दोन वर्षांत एकदाही नाही. शनिवारी हत्यारांच्या पेटीत तो स्क्रू-ड्रायव्हर वरच पडलेला होता, तरी हात तिकडे गेला नव्हता. कारण लावून पाहिला आणि त्यातूनही काही आलं नाही, तर नस गेली हे पक्कंच. लावला नाही तोवर निदान निकाल बाकी होता.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मग निकालाचंही काय.

ते पेटीपर्यंत गेले. फूटभर लांब, लाकडी मुठीचा तो स्क्रू-ड्रायव्हर घेतला. पंखाच्या मागच्या बाजूने, पंख्यापासून हात लांब ठेवत, गुडघ्यावर बसले.

"शेपूट घट्ट धरा. अनंतराव, निम्मा वेग."

टोक अ-च्या अंगाला. मूठ डाव्या कानामागे, हाडावर. दाबली.

हाड

आणि इंजिन त्यांच्या डोक्यात सुरू झालं, अगदी समोर, अगदी आत, दोन वर्षांपूर्वी जिथे ठेवलं होतं तिथेच, पिस्टन वर जातोय आणि खाली येतोय आणि त्याच्या प्रत्येक फेरीला ती बारीक कोरडी टकटक जी नव्या इंजिनात असतेच, त्याच्या मागे बेअरिंगची सलग रेशमी सळसळ, त्याच्याही मागे इंधन सुईपाशी आत ओढलं जाताना होणारा फुत्कार, सगळं वेगवेगळं, सगळं एका वेळी, कुठेही गाळलेलं नाही, कुठेही पुसलेलं नाही, आणि त्यांनी मूठ उचलून उजव्या कानामागे लावली आणि तिथेही ते होतं, तसंच, आणि त्यांनी ती पुन्हा डावीकडे नेली, खात्री करायला, आणि पुन्हा उजवीकडे, आणि बघणाऱ्यांना वाटलं म्हातारा कान खाजवतोय.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एरंडेलाचा धूर डोळ्यात गेला होता, हे एक कारण होतंच.

"बाबा?" प्रियदर्शनी ओरडली. "काय झालं?"

त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. काम चालू होतं. उठून दुसऱ्या पंखामागे गेले. टोक ब-च्या अंगाला, मूठ हाडावर.

टकटक, बरोबर. फुत्कार, बरोबर. सळसळ,

सळसळीत मधूनच एक खर्र. अर्ध्या सेकंदाची. मग साफ. मग पुन्हा खर्र.

"वेग वाढवा."

खर्र. खर्र. खर्र.

"बंद करा," महिपती म्हणाले. "मागचं बेअरिंग. पिंजरा फुटलाय."

"आकडे तर सारखे होते," अनंतराव म्हणाले. माळ आता शांत होता, म्हणून त्यांना जवळ यावं लागलं. "——— दोन्ही अकरा हजार आठशे!"

"फुटेपर्यंत आकडे सारखेच असतात."

माळावरच चादर अंथरून इंजिन उघडलं. अनंतरावांनी खिशातून भिंग काढलं, कारण ते खिशात भिंग ठेवणाऱ्यांपैकी होते. बेअरिंगच्या गोळ्या जागेवर ठेवणाऱ्या पिंजऱ्याला केसाएवढी चीर गेली होती. उन्हात धरल्यावर ती दिसली. संभाजींनीही भिंगातून पाहिलं आणि हाताने इशारा केला : एक बोट वर, मग सुर्रकन खाली, मग उसाकडे. एक खड्डा पडलाच असता, तो वाचला.

"एवढंसं?" प्रियदर्शनी म्हणाली. "मी ते मांडीवर घेऊन अठरा तास ——— हो!"

"तुझा दोष नाही," महिपती म्हणाले. "कारखान्यात एखादी पाळी अशी असते."

क आणि ड

एक नवं आणि एक जुनं अशी जोडी लावायची नाही, यावर दुमत नव्हतं. दोन्ही काढली. क आणि ड अनंतरावांच्या स्कूटरच्या डिकीत होती. का आणली, यावर ते म्हणाले, "सवय. मी लग्नालाही चपलांचे दोन जोड नेतो."

बोल्टची भोकं जुळत होती. तासभर गेला. प्रत्येकाला स्क्रू-ड्रायव्हर लावून महिपतींनी ऐकलं. क म्हातारं होतं, त्याच्या टकटकीला घोगरेपणा आला होता, पण एका सुरात चाललं होतं. ड-ला ज्वारीत पडल्याचं काही लक्षात नव्हतं. सुया दोन-दोन खाचा सैल करून इंधन थोडं जास्तच ठेवलं. ताकद कमी, धूर जास्त, पण दम टिकतो.

"चारशेने कमी फिरतील," ते म्हणाले. "फिरत राहतील."

साडेनऊला विमान सुटलं. दगडांच्या अलीकडे त्याने माळ सोडला, थोडं डगमगलं, मग वर गेलं. वर गेल्याबरोबर महिपतींसाठी ते संपूर्ण मुकं झालं. बाकीच्यांना दोन इंजिनांचा मिळून एक खर्जातला, खाली-वर होणारा आवाज येत होता. त्यांना फक्त धुराच्या दोन रेघा दिसत होत्या. बारीक, समांतर, एकमेकींपासून ना जवळ ना लांब. एक रेघ तुटली तर त्यांना इतरांच्या आधी कळलं असतं, आणि म्हणून ते त्या रेघांवरून नजर काढत नव्हते.

एकही तुटली नाही.

सात मिनिटांनी विमान खाली आलं, दोनदा उडी मारली, वळून उभं राहिलं. अनंतराव ट्रान्समीटर गळ्यात तसाच ठेवून मटकन खाली बसले. संभाजींनी दोन्ही हात जोडून डोक्यावर नेले आणि मग, उसाकडे बघून, मोठ्यांदा म्हणाले, "आज काम न्हाई तुला."

काचेची खोली

मंगळवारी प्रियदर्शनीने रजा टाकली आणि वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर अक्षता, पस्तिशीच्या. आधी काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. मग समोर बसवून स्टीलचा दोन दातांचा काटा कोपरावर आपटला आणि कानापाशी धरला.

"येतंय ———?"

"नाही."

मग काट्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली.

महिपती हसले. "येतंय. हे मला माहीत आहे. मी रविवारी केलं."

डॉक्टरांना ते कळलं नाही. प्रियदर्शनीने स्क्रू-ड्रायव्हरची हकीकत सांगितली. डॉक्टर ऐकता ऐकता काटा टेबलावर ठेवायला विसरल्या.

मग त्या खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या आणि सावकाश, ठणठणीत बोलल्या. कागदावर त्यांनी दोन रेघा काढल्या. वरची हाडातून ऐकू येतं त्याची. खालची हवेतून येतं त्याची. दोन्हींत मोठी फट.

"नस चांगली आहे. बारीक आवाजांच्या टोकाला कारखान्याने थोडी खाल्ली आहे, ती परत येणार नाही. पण तुमचा मुख्य त्रास तो नाही. कानात तीन हाडं असतात. तिसरं तांदळाच्या दाण्याहून लहान. ते हललं की आवाज आत जातो. तुमचं ते धरलंय."

"सीज झालंय?"

"म्हणजे?"

"पिस्टन जाम होतो तसं."

डॉक्टर थबकल्या. "अगदी तसंच. म्हणून तुम्हाला गोंगाटात जास्त कळतं, लोक ओरडतात म्हणून. म्हणून जेवताना स्वतःचं चावणं मोठं येतं. येतं ना?"

"पापड," महिपती म्हणाले. दोन वर्षं ज्या गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या लपवल्या होत्या त्या सगळ्या या बाईंनी एका कागदावर ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांची बेरीज बहिरेपण होत नव्हती.

"ऑपरेशन होतं," डॉक्टर म्हणाल्या. "एका वेळी एकाच कानाचं. दुसऱ्याचं सहा महिन्यांनी."

"बरोबर. दोन्ही एकदम उघडायची नसतात."

"शंभरात एखाद्याला उलटा परिणाम होतो. ते मी आधीच सांगते. कान पूर्ण जाऊ शकतो."

प्रियदर्शनीने वडिलांकडे पाहिलं. ते शांत होते. शंभरात एक हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता.

"आणि त्या हाडाच्या जागी काय घालता?" त्यांनी विचारलं.

"पिस्टन."

महिपतींना वाटलं आपल्याला समजावं म्हणून त्या तसं म्हणतायत.

"नाही हो, खरंच. त्याला पिस्टनच म्हणतात. पॉइंट सहा मिलिमीटर जाडीचा."

"दाखवायला आहे का?"

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने खांदे उडवले. मग डॉक्टरांनी कप्प्यातून एक पारदर्शक डबी काढली. आत कापसावर, पेशंटना दाखवायला ठेवलेला, एक पांढरा कण. नीट बघितलं तर एका टोकाला हूक आणि खाली दांडी.

महिपतींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. परवानगी विचारून डबी उघडली, कण चिमट्याने तर्जनीच्या पेरावर घेतला आणि खिडकीशी उजेडाला गेले. एका बाजूने पाहिला. फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिला. हुकाची गोलाई पाहिली, दांडीची धार पाहिली, खालचं टोक कुठे तुटकं नाही ना ते पाहिलं. बाहेर अकरा पेशंट बसले होते. रिसेप्शनवरची मुलगी दार उघडून आत डोकावली, म्हणाली, "मॅडम, ———" आणि डॉक्टरांनी बोट ओठांवर ठेवलं तशी परत गेली.

"दुसरा एखादा आहे का बघायला?" महिपतींनी विचारलं.

"बाबा!"

डॉक्टरांनी दुसरी डबी काढली. हा धातूचा होता. महिपतींनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दोन मिनिटं गेली.

"हा," त्यांनी पांढऱ्यावर बोट ठेवलं. "याचं टोक साफ आहे. हा बसवा. आधी डावीकडे."